घरासमोरचा फोटो

फोटो पोस्टकार्डाएवढा. मागे पत्र्याचं दार, दाराच्या कडीला उघडं कुलूप लटकलेलं. भिंतीवर मागच्या कुठल्यातरी निवडणुकीचं रंगवलेलं चिन्ह, अर्धं उडालेलं. पुढे एक म्हातारी, डोक्यावर पदर, दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ उभी. तिच्या शेजारी आठ-नऊ वर्षांचा मुलगा, वर शाळेचा सदरा, खाली घरची चड्डी. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. दोघंही हसत नाहीत, कारण फोटो काढणाऱ्याने 'हलू नका' एवढंच सांगितलं असणार.

बालसंगोपन योजनेच्या अर्जाला आधार कार्ड, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आई किंवा बापाच्या मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक अशी कागदांची चळत जोडावी लागते. त्यात हा फोटोही असतो. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस, घरासमोर उभे. मूल खरोखर आहे, सांभाळणारं आहे, घर आहे, एवढं त्यातून दिसावं हा हेतू.

ज्या सामाजिक कार्यकर्तीच्या फायलीत मी हा फोटो पाहिला, तिने त्यातल्या दारावर बोट ठेवलं. म्हणाली, "हा पुरावा इथपर्यंतचा. माझं काम कडीच्या आत सुरू होतं."

संपादकांनी यंदा 'घर' हा विषय दिला, तेव्हा मला आधी वाडे आठवले, मग चाळी, मग गृहकर्जाचे हप्ते. फोटोंमधली ही माणसं आठवली ती बऱ्याच उशिरा. स्वतःचं घर मोडलं म्हणून जे मूल दुसऱ्या घरात ठेवलंय, त्याच्यासाठी ते घर ठीक आहे की नाही, हे कोण बघतं? आणि बघतं म्हणजे नेमकं काय करतं? एवढा प्रश्न घेऊन नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात मी जालन्याला गेले.

एक गोष्ट आधीच सांगते. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापू देत नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे पुढे गावांची नावं येणार नाहीत, माणसांची येणार नाहीत, आणि ओळखीच्या खुणा मी हलवल्या आहेत. वरच्या फोटोतल्यासुद्धा. कार्यकर्तीला मी ताई म्हणेन. गावात सगळे तेच म्हणतात. कागदावर सही घ्यायची असली की मात्र 'मॅडम' होतं.

कडी वाजवण्याआधी

जालन्याहून मंठ्याच्या रस्त्याला लागलं की स्टीलच्या कारखान्यांची धुराडी मागे पडतात आणि दोन्ही अंगांना कापूस सुरू होतो. वाटूर फाट्याच्या अलीकडे कुठेतरी ताईंनी स्कूटी आत वळवली. गाव आलं तरी त्या घराकडे गेल्या नाहीत. अंगणवाडीत गेल्या. तिथे दहा मिनिटं. मग किराणा दुकान, तिथे दोन पारले आणि पाच मिनिटं. मग शाळा. घर शेवटी.

"सरळ घरी गेलं, की मी पोचायच्या आत निरोप पोचलेला असतो," त्या म्हणाल्या. "लेकराचं तोंड धुतलेलं, भांग पाडलेला, पुस्तक मांडीवर. फोटोच की तो, फक्त हलणारा."

अंगणवाडीतली सेविका ही नुसती खबर देणारी बाई नाही. गावोगाव ग्राम बाल संरक्षण समित्या असतात, सरपंच त्यांचा अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. समितीची बैठक किती वेळा भरते हे रजिस्टर बघून कळतं, आणि रजिस्टरमधल्या सह्या एकाच पेनाच्या आहेत का हे बघूनही कळतं. पण सेविकेला गावातलं प्रत्येक घर आतून ठाऊक असतं, आणि ते रजिस्टरवर अवलंबून नसतं. ताईंनी तिला मुलाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या आजीच्या गुडघ्याबद्दल विचारलं. गुडघ्यावरून सरपणावर, सरपणावरून पाण्यावर, आणि पाणी कोण भरतं यावर गाडी आपोआप आली.

घरी पोचलो. आजीने सतरंजी टाकली आणि हाक मारली, "पाणी आन रे." मुलगा उठला, तांब्या-पेला घेऊन आला. त्याच वयाची एक चुलतबहीण उंबऱ्यात बसून होती, तिने नंतर चहाच्या कपबश्या आणल्या. ताईंचं लक्ष चहाकडे नव्हतं. परतताना मला सांगितलं, "पाणी एकटंच लेकरू आणतं की सगळी आळीपाळीने, ते बघते. प्रत्येक हाकेला तेच उठत असेल, तर तिथे थांबायचं."

मग त्यांनी मुलाला म्हटलं, "तुझं काय काय हाय या घरात, दाखव बरं मला." तो आधी लाजला, मग सुटलाच. खुंटीला दप्तर. पत्र्याच्या पेटीत दोन सदरे आणि तुटक्या चाकाची मोटार. भिंतीच्या कडेला घडी केलेली वाकळ, "ही माझी, ती आजीची." कोनाड्यात आईचा पासपोर्ट आकाराचा फोटो, त्याला वाळलेला झेंडू. मागच्या अंगणात एक करडू, त्याचं नावही त्यानेच ठेवलेलं.

छापील नमुन्यात यातलं बहुतेक 'निवास व्यवस्था : समाधानकारक' एवढ्यात मावतं.

एकट्या मुलाशी बोलणं अजून बाकी होतं. ते लिंबाखाली, ओट्यावर, आजीच्या नजरेत पण कानाआड. 'तुला इथे त्रास होतो का' असं ताई कधीच विचारत नाहीत, कारण त्याचं उत्तर 'न्हाई' असंच येतं, मूल सुखात असो की नसो. त्या विचारतात : काल रात्री कुणाशेजारी झोपलास? सकाळी कुणी उठवलं? या घरात राग कुणाला लवकर येतो? राग आला की तो माणूस काय करतो? तुला ताप आला होता तेव्हा कोण जागं होतं? प्रश्न साधे, क्रम मात्र घोटून घोटून बसवलेला.

निघताना आजीला एक प्रश्न. "रुसतंय का हो?"

"लई!" आजी उसळलीच. "काल दोडका केला तर ताटावरून उठलं. म्या म्हनलं, ऱ्हा उपाशी. तर कोपऱ्यात तोंड करून बसलं. शेवटी गूळ-भाकर दिली तवा. त्याचा बाप बी असाच व्हता, मुलखाचा हट्टी."

स्कूटी चालू करताना ताई प्रसन्न दिसल्या. म्हणाल्या, परक्या घरात लेकरू रुसत नाही. रुसायला आपलं कुणी मनवील असा भरवसा लागतो.

परकं घर आणि आपलं घर

इथे थोडा कायदा घ्यावा लागेल, कारण ताई जे बघतात आणि कायदा ज्याला बघायला सांगतो, त्यात एक फट आहे.

इंग्रजीत ज्याला फॉस्टर केअर म्हणतात, त्याला सरकारी मराठीत प्रतिपालकत्व हा शब्द आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मधली कल्पना अशी : मूल संस्थेत ठेवण्यापेक्षा कुटुंबात ठेवावं, आणि ते कुटुंब जन्मदात्यांचं नसलं तरी बालकल्याण समितीने पारखलेलं, मंजूर केलेलं आणि देखरेखीखालचं असावं. म्हणजे मूल घरात येण्याआधी घराची चौकशी. घरात कोण कोण राहतं, कमाई किती, पोलीस पडताळणी, नवरा-बायको दोघांच्या तब्येतीचे दाखले, स्वतःची मुलं असतील तर त्यांना हे पाहुणं चालणार आहे का, मुलाने ऐकलं नाही तर तुम्ही काय कराल. मग समितीचा आदेश, कुटुंबाचं हमीपत्र, आणि त्यानंतर दर महिन्याला तपासणी. मुलाची काळजी नीट घेतली जात नसल्याचं आढळलं, तर समिती त्याला तिथून काढून दुसऱ्या घरी ठेवू शकते. दत्तकासाठी मोकळं ठरलेलं मूल दीर्घ मुदतीच्या प्रतिपालकत्वात देता येत नाही. केंद्राच्या 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या माणसांनाही दार उघडलं, आणि प्रतिपालकांना तेच मूल दत्तक घ्यायचं असेल तर पाच वर्षं थांबण्याऐवजी दोन वर्षं पुरेशी केली.

कल्पना चांगली आहे, पण ती परक्या घराची कल्पना आहे. मराठवाड्यात मूल परक्याच्या दारात जात नाही. ते आजोळी जातं. चुलत्याकडे, मामाकडे, आत्याकडे जातं. बाप कर्जाने गेला, आई दुसरीकडे नांदायला गेली, की तेराव्याच्या जेवणातच कुणीतरी म्हणतं, "ऱ्हाऊ द्या इथंच, चार लेकरांत पाचवं." ना चौकशी, ना आदेश. नंतर कधीतरी सेविका किंवा शाळेतले गुरुजी सांगतात, की अहो, याला सरकारी पैसे मिळतात, आणि मग तो घरासमोरचा फोटो निघतो.

त्या पैशांची योजना म्हणजे बालसंगोपन. महाराष्ट्रात ती 2005 च्या शासन निर्णयाने आजच्या वळणावर आली. अनाथ, एक पालक असलेली, आईबाप दुर्धर आजारात किंवा तुरुंगात असलेली, टाकून दिलेली मुलं संस्थेत न पाठवता घरातच वाढावीत, हा तिचा उद्देश. बरीच वर्षं महिन्याला 425 रुपये मिळत. कोरोनाने एकदम इतकी मुलं पोरकी केली की योजना गावोगाव माहीत झाली, रक्कम 1,100 झाली आणि 2023 पासून 2,250. नावही तेव्हाच बदललं : क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. नाव शोभणारं आहे. काशीबाई नावाच्या विधवेचं मूल जोतीराव-सावित्रीबाईंनी 1874 मध्ये आपलं केलं आणि तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, हे आपण शाळेत शिकतो. ज्या संस्था बालसंगोपनाची मुलं सांभाळणाऱ्या घरांना भेटी देतात, त्यांना एका मुलामागे महिन्याला 250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यातून प्रायोजकत्व किंवा प्रतिपालकत्व मंजूर झालं, तर मुलामागे 4,000.

मला खटकलं ते हे. परक्या घराला मूल येण्याआधीच आरपार पाहायचं आणि आपल्या घराला फोटोवर सोडायचं, या मांडणीच्या पोटात एक गृहीत आहे. नातं असलं की मूल सुरक्षित. ताईंचा या गृहीतावर तसूभरही विश्वास नाही.

नामयाच्या घरी

गंगाखेडच्या दमाने आपली लहानगी पोर पंढरपूरला नेली आणि दामाशेटींच्या घरी ठेवली. त्या घरात तिला नामदेवासारखा सोबती मिळाला, विठ्ठल मिळाला, मराठीला जनाबाई मिळाली. पण ती स्वतःला काय म्हणवून घेते? नामयाची दासी. दळण, कांडण, शेणी, धुणं. भक्तीच्या अंगाने या शब्दाचा अर्थ मोठा आहे, तो मी कमी करत नाही. तरी गंगाखेड इथून फार लांब नाही, शेजारच्याच परभणी जिल्ह्यात, आणि जालन्याच्या रस्त्यावर ताईंच्या मागे बसून जाताना मला तो शब्द पुन्हा पुन्हा टोचत राहिला. दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं लेकरू लेक असतं की दासी, हे त्या घरी कुणी दर महिन्याला बघायला येत नव्हतं.

ताईंच्या कामाचा बराच मोठा भाग हा एवढाच फरक ओळखण्याचा आहे, आणि तो अवघड आहे, कारण शेतकऱ्याच्या घरात सगळीच मुलं काम करतात. शेळ्या चारतात, पाणी आणतात, धाकट्याला कडेवर घेतात. काम करणं हा पुरावा होत नाही. तुलना करावी लागते. घरच्या मुलाच्या पायात काय आणि याच्या पायात काय. घरची मुलगी शाळेतून आल्यावर काय करते आणि ही काय करते. सणाला कापडं कुणाला आली. आजारी पडल्यावर कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि कुणाला 'बरं व्हईल' म्हटलं. आणि त्या 2,250 चं काय झालं? पैसे दरमहाचे म्हणून ठरलेले, पण बहुतेकदा काही महिन्यांचे एकदम जमा होतात. एकदम आलेला पैसा घरात खताला जातो, दवाखान्याला जातो. त्यात ताईंना गैर वाटत नाही. "एकाच चुलीवर जेवतात ना सगळी? मग खतातून भाकरी त्यालाही मिळते. मी एवढंच बघते, की पासबुकातून पैसे काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरच्या मुलाला सायकल आणि याला काहीच नाही, असं तर झालेलं नाही."

मारहाणीच्या खुणा, अंगावरचे चटके, लैंगिक छळ यांचा मार्ग वेगळा आणि सरळ आहे. तिथे तुलना नाही आणि वाट पाहणंही नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याने कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक केलंय, आणि न कळवणं हाच गुन्हा. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. हे सगळं ताईंनी मला एका दमात सांगितलं, जणू पाढे. अवघड त्यांना ते वाटत नाही. अवघड वाटतं ते मधलं, ज्याला कलम नाही. ज्या घरात मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, पण मुलाचं अंथरूण रोज वेगळ्या कोपऱ्यात पडतं, ते घर.

कापूस आणि हजेरी

शाळेत ताई मुख्याध्यापकांना मूल कसं आहे हे विचारत नाहीत, कारण उत्तर 'चांगलं आहे, शांत आहे' असं ठरलेलं. त्या हजेरीपट मागतात आणि बोट ठेवत सरकतात. गैरहजेरी किती यापेक्षा कधी, हे बघायचं. सोमवारी नसेल तर बाजार. सलग आठ दिवस नसेल तर आजार किंवा गावाला. दसऱ्यानंतर आठवड्यातले तीन-चार दिवस नसेल तर कापूस.

वेचणीची मजुरी किलोवर असते आणि लहान बोटं चपळ असतात. घरच्या मुलांनाही त्या दिवसांत शेतात नेतात, पण घरचं मूल दुपारी कंटाळलं तर बांधावर झोपतं. ठेवलेलं मूल झोपत नाही. हे मला सांगितलं एका शिक्षिकेने. तिने वहीच्या मागच्या पानावर खुणा करून ठेवल्या होत्या, कुणाची बोटं बोंडांच्या काट्यांनी फुटलीत याच्या.

याच दिवसांत दुसरी एक हालचाल सुरू होते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या पट्ट्यातून ऊसतोडीला जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी चढतात, आणि चैत्रापर्यंत गाव निम्मं रिकामं. मुलं सोबत गेली तर शाळा सुटते, मागे राहिली तर म्हाताऱ्यांपाशी. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं यासाठीच आहेत, मुलाने गावात राहावं, जेवण तिथे मिळावं. पण झोपायला ते आजीच्या घरीच जातं. मग पाच-सहा महिने ही सगळीच मुलं तात्पुरती पोरकी असतात आणि कुठल्याच योजनेच्या व्याख्येत बसत नाहीत, कारण आईबाप जिवंत आहेत, फक्त साखर कारखान्यावर आहेत.

आमच्या, म्हणजे त्या करडूवाल्या मुलाच्या बाबतीत प्रश्न असा होता, की त्याला सांभाळणारी आजी गावातच राहणार, पण त्याचे काका-काकू कोयत्याला जाणार. घरात उरणार सत्तरीची आजी, दोन चुलत भावंडं आणि हा. ताईंनी वहीत लिहून घेतलं : रात्री दार कोण लावतं? शेजारचं मोठं माणूस कोण? आजी पडली तर मूल कुणाकडे पळेल? छापील नमुन्यात घर एकदाच पाहिलं जातं. या घराची माणसं मात्र हंगामागणिक बदलतात.

नात्यातली आजी

गृहीतांची किंमत किती असते, याची एक नोंद लंडनमध्ये आहे. व्हिक्टोरिया क्लिम्बी ही आयव्हरी कोस्टमधली मुलगी. चांगलं शिकेल म्हणून आईबापांनी तिला बापाच्या नात्यातल्या आजीसोबत युरोपात धाडलं. आपल्याकडे 'मामाकडं शिकायला ठेवलंय' म्हणतात, तसंच. 25 फेब्रुवारी 2000 रोजी ती मेली तेव्हा आठ वर्षांची होती, अंगावर 128 जखमा होत्या. ती लपवून ठेवलेली नव्हती. दवाखान्यांनी पाहिली होती, पोलिसांना माहीत होती, सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन गेल्या होत्या. 2003 च्या लॅमिंग अहवालाने मोजून सांगितलं, की तिला वाचवता आलं असतं असे किमान बारा प्रसंग हातचे गेले. तो अहवाल वाचताना अंगावर येतं ते हे, की सगळे त्या आजीशी बोलले आणि मुलीशी जवळपास कुणीच नाही.

त्याच्याही आधी, 1945 च्या जानेवारीत, इंग्लंडच्याच श्रॉपशायरमध्ये डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा प्रतिपालकांच्या शेतघरात मेला. तिथे नातं नव्हतं, सरकारनेच ठेवलं होतं. आदल्या डिसेंबरात एक कारकून बाई घरी जाऊन आली होती आणि मुलांना तिथून हलवा, असं तिने कळवलंही होतं. कागद पुढच्या टेबलावर जाईपर्यंत नाताळ आला, मुलगा गेला. त्यातून 1948 चा बालकायदा आला. आणि त्याच घटनेचा धागा पकडून अगाथा ख्रिस्तीने जे रहस्यनाट्य लिहिलं, ते 'माऊसट्रॅप' लंडनमध्ये 1952 पासून चालू आहे. प्रेक्षकांपैकी किती जणांना तो मुलगा माहीत असेल कोण जाणे.

मी ताईंना या दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांना पहिलीचं नवल वाटलं नाही. दुसरीवर त्या म्हणाल्या, "नाताळ नका सांगू. आमच्याकडे मार्चएंड असतो."

एका दिवसात किती गावं

कायदा म्हणतो, प्रतिपालक कुटुंबाची दरमहा तपासणी समितीने करावी. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांनी महिन्यातले किमान वीस दिवस बसून प्रकरणं ऐकायची. जालना जिल्हा 1981 च्या महाराष्ट्र दिनी औरंगाबाद आणि परभणीतून वेगळा झाला. आठ तालुके, नऊशेहून जास्त गावं. भोकरदनच्या टोकाहून परतूरच्या टोकापर्यंत जायचं म्हटलं तर दिवस सरतो. म्हणजे पाहणं प्रत्यक्षात पडतं ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या आणि संस्थांच्या माणसांवर. मिशन वात्सल्याच्या आकृतिबंधात एका जिल्ह्याच्या कक्षाला सामाजिक कार्यकर्ते दोन आणि क्षेत्र कार्यकर्ते दोन. सामाजिक कार्यकर्त्याचं मानधन महिन्याला 18,536 रुपये, क्षेत्र कार्यकर्त्याचं 10,592, आणि नेमणूक कंत्राटी. त्यांच्याकडे फक्त हीच मुलं नसतात. बालविवाहाचे फोन असतात, बसस्थानकावर सापडलेली मुलं असतात, बालगृहांच्या तपासण्या असतात, न्यायालयाने मागवलेले अहवाल असतात.

ताई संस्थेच्या. त्यांच्या पेट्रोलचा हिशेब मी केला नाही, त्यांनीच केला. एका मुलामागच्या 250 रुपयांत भेट, झेरॉक्स, फोटो, नूतनीकरणाचे कागद आणि त्यांचा पगार. "लांबच्या गावात एकच लेकरू असेल तर तिथे जाणं तोट्याचं. आणि लांबच्या गावात एकटं असलेलं लेकरू, त्यालाच तर बघायला पाहिजे."

अशा वेळी काय होतं, हे त्या लपवत नाहीत. काही ठिकाणी फोनवर भेट होते. कुठे व्हिडिओ कॉल. कुठे पालकालाच मुलाला घेऊन तालुक्याला बोलावलं जातं, आणि एका दिवसात वीस मुलं एका हॉलमध्ये बघितली जातात. नमुने भरले जातात, सगळे समाधानकारक. हॉलमध्ये करडू दिसत नाही, वाकळ दिसत नाही, पाणी कोण आणतं हे दिसत नाही.

पंधरावं वर्ष

त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या एका गावात गेलो. इथे पंधरा वर्षांची मुलगी, आत्याच्या घरी. घर पक्कं, मुलीची खोली वेगळी, दहावीची पुस्तकं नीट लावलेली, अंगावर कपडे चांगले. आत्या प्रेमळ, तिचा हात मुलीच्या डोक्यावरून फिरत होता. मला वाटलं, आजच्या दिवसातलं हे सगळ्यात चांगलं घर.

चहा पिता पिता आत्या म्हणाली, "आपलीच पोर. बाहेर कशाला द्यायची."

ताईंनी कप खाली ठेवला.

आपल्याकडे मामाची मुलगी आत्याच्या मुलाला जाते, हे जुनंच. आत्याच्या घरी वाढणारी पोर बऱ्याचदा त्याच घरची सून म्हणून बघितली जाते, आणि घरातला मोठा मुलगा एकवीस-बावीसचा असेल तर सगळे हिशेब मनातल्या मनात झालेले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत जालन्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी सुमारे 35 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा 22 च्या आसपास. या घरात छळ नाही, उपासमार नाही, शाळा चालू आहे. नमुन्यातला प्रत्येक रकाना हिरवा. धोका आहे तो मायेच्याच पोटात.

पुढचं बोलणं ताईंनी आत्याशी केलं नाही, तिच्या नवऱ्याशीही नाही. मुलीला घेऊन त्या गच्चीवर गेल्या, मी खालीच थांबले. वीस मिनिटांनी आल्या. मग ग्रामपंचायतीत. तिथला अधिकारी, ज्याला लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात, तो गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो. त्याच्याकडे तोंडी नाही, लेखी सांगून ठेवलं. समितीला द्यायच्या अहवालात त्यांनी काय लिहिलं हे मी वाचलं नाही, वाचायला नको होतं.

रस्त्यात मी विचारलं, तिला तिथून काढणार? त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, काढून ठेवू कुठे. निवासी शाळा आहे, कस्तुरबा गांधी विद्यालयं आहेत, बालगृह आहे. पण या घरात तिला आत्या आहे. आत्या गेली की उरतं काय? "अठरापर्यंत दोन वर्षं नऊ महिने. दर महिन्याला मी जाऊन बसले, तर कदाचित ते थांबतील. लाजेने थांबतील, कायद्याने थांबतील, मला काय."

मुलाला काढणं हा सुरक्षिततेचा सगळ्यात ठळक उपाय आहे, म्हणून बाहेरच्याला तोच आधी सुचतो. मलाही तोच सुचला होता.

जेवणाची वेळ

परतताना अंधार पडत होता आणि मला वाटलं आपण सरळ जालन्याला निघालो. ताईंनी पुन्हा सकाळच्या गावाकडे वळवली. न सांगता दुसऱ्यांदा जायचं, तेही जेवणाच्या वेळी, ही त्यांची जुनी सवय. सकाळची भेट सगळ्यांना माहीत असते; संध्याकाळी कुणी वाट बघत नसतं.

दार उघडंच होतं. आत एक पिवळा दिवा. चूल बाहेर, आजी भाकरी थापत होती आणि तिन्ही मुलं ओळीने बसलेली. आम्हाला बघून आजी गडबडली, "अगं माय, आता कशापायी आल्या?" ताई म्हणाल्या, माझी पिशवी राहिली का बघायला आले. पिशवी त्यांच्या खांद्यालाच होती. कुणी काही बोललं नाही.

भाजी वांग्याची. चुलतभावाच्या ताटात दोन फोडी जास्त पडल्या, किंवा पडल्या असं आमच्या मुलाला वाटलं. त्याने ताट पुढे ढकललं. "मला न्हाई खायचं." आजीने बघितलंच नाही. त्याने ताट अजून वीतभर ढकललं. आजीने तव्यावरची भाकरी उलटली. मग तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून बसला, पाठ आमच्याकडे, कान मात्र चुलीकडे.

"बघा," आजी म्हणाली, "ह्ये असं."

चुलतबहिणीने हळूच आपल्या ताटातली एक फोड उचलून त्याच्या ताटात टाकली. तो वळला नाही. आजीने गरम भाकरी त्याच्या ताटात भिरकावली, तरी वळला नाही.

ताईंनी दाराशी उभ्या उभ्याच बॅगेतून नमुना काढला. मोबाईलच्या उजेडात त्यांनी 'मुलाचे वर्तन' हा रकाना शोधला. तिथे सकाळी 'सामान्य' लिहिलेलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'हट्टी'.